टॅबमधले ठाणेदार

पोलिसांशी आपला संबंध शक्य तितका कमी यावा आणि आलाच तर तो गणपतीच्या बंदोबस्तापुरता यावा, ही महाराष्ट्रातील सभ्य समाजाची फार जुनी इच्छा असून, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये या म्हणीत तिचाच अर्धा भाग सांगितलेला आहे. स्मार्टफोन आल्यापासून ही म्हण पाळणे अवघड झाले आहे, कारण आता शहाण्याला पायरी चढावीच लागत नाही. नवा सिनेमा फुकट पाहण्याच्या नादात तो कुठल्या तरी भलत्याच संकेतस्थळावर बोट ठेवतो आणि दुसऱ्याच क्षणी पोलीस ठाणे, न्यायालय, दंडवसुली खाते आणि कोठडी अशी सगळी व्यवस्था तळहाताएवढ्या काचेवर त्याच्यासमोर हजर होते. या व्यवस्थेला बनावट पोलिसांचा पॉपअप म्हणतात. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे दाखवणारे ॲप, त्यात उघडलेले प्रत्येक पान म्हणजे टॅब, आणि कुणी न बोलावता त्या पानावर येऊन ठाण मांडते ते पॉपअप, एवढी परिभाषा ध्यानात ठेवली की पुढील विवेचन समजण्यास हरकत नाही.

या पॉपअपचे दर्शन एकदा सावकाश घेतले पाहिजे, कारण ज्याच्यावर तो येतो त्याला सावकाश पाहण्याची सोय नसते. वरच्या बाजूस अशोकस्तंभ असतो, त्याच्या एका बगलेस सीबीआय आणि दुसऱ्या बगलेस इंटरपोल. काही उत्साही कारागीर त्यांच्या जोडीला एखाद्या राज्याचे पोलीस दलही बसवतात. त्याखाली आपले उपकरण कुलूपबंद करण्यात आले आहे अशा आशयाचा इंग्रजी किंवा हिंदी मजकूर, मग कसल्या तरी डिक्रीचा क्रमांक, कायद्याची दोनचार कलमे, फोनचे मॉडेल, दंडाची रक्कम, बँकेच्या कार्डाचा क्रमांक भरण्यासाठी चौकटी आणि कोपऱ्यात सेकंदासेकंदाने उतरत जाणारे घड्याळ. कधी सायरन वाजतो, कधी फोन थरथरतो. २०२२ मध्ये भारत सरकारच्या संकेतस्थळाचा हुबेहूब देखावा उभा करणाऱ्या अशाच एका पानाचा बोभाटा झाला, त्यात मागितलेली रक्कम तीस हजार रुपयांच्या थोडी वर होती, आणि ती गोल नव्हती. गोल आकडा खंडणीचा वाटतो, त्याला शेदोनशे रुपयांचे शेपूट लावले की तो सरकारी वाटू लागतो, हे मानसशास्त्र ज्याने ओळखले त्याने आयुष्यात कधी तरी नगरपालिकेची करपावती बारकाईने वाचलेली असली पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद या तालुक्याच्या गावी हा पॉपअप पोहोचला की त्याची काहीशी पंचाईत होते. खानदेशातल्या मोठ्या जळगावशी घोळ होऊ नये म्हणून या गावाने शेजारच्या जामोदचे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून घेतले आहे, आणि आपण नेमके कुठल्या जळगावचे हे परमुलखात पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याची येथील माणसाला जन्मापासून सवय असते. गावाला रेल्वे नाही, नांदुऱ्याला जाऊन गाडी पकडावी लागते, त्यामुळे बाहेरून कोण आले आणि कशाला आले हे येथे फार काळ गुप्त राहत नाही. पॉपअपवर मात्र ‘आपले स्थान’ या सदरात बहुधा मुंबई किंवा असेच एखादे मोठे शहर लिहिलेले असते. याचे कारण असे, की पान उघडताना त्याला फोनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या फोनला तात्पुरता मिळालेला क्रमांक, आपोआप कळतो, आणि मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडते त्या केंद्राचे ठिकाण त्यावरून दिसते. आरोपी याच तालुक्यातल्या सुनगावच्या शेतात बसला आहे की मुंबईच्या लोकलमध्ये उभा आहे, हे ज्या यंत्रणेला सांगता येत नाही, ती त्याला बारा तासांत उचलून नेणार असल्याचे सांगते, तेव्हा तिच्या आत्मविश्वासाचे कौतुक करून पुढे जावे हे बरे.

वेगाच्या बाबतीतही या तालुक्याची स्वतःची काही मानके आहेत. येथील भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून, भोवती धान्ये ठेवून, पाऊस, पीकपाणी आणि राज्यकर्त्यांचे भवितव्य यांविषयीची भाकिते त्यावरून सांगितली जातात, आणि ती ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी व वार्ताहर जमतात. या भाकितांच्या शास्त्रीयतेविषयी विवेकवाद्यांचे आक्षेप आहेत आणि ते रास्तच आहेत. परंतु तेथेही संध्याकाळी मांडलेल्या घटाला रात्रभर तसेच ठेवतात आणि भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात. पॉपअपमधले ठाणेदार गुन्ह्याची नोंद, तपास, दोषसिद्धी आणि शिक्षा हे सगळे पान उघडायला लागणाऱ्या वेळातच उरकतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी चोरीला गेलेल्या मोटारसायकलची तक्रार दिली आहे, त्याला एवढ्यावरच संशय यायला हवा.

विदर्भात पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात, आणि ठाणेदाराकडून येणारा खरा कागद गावात कसा पोहोचतो हे पाहिले म्हणजे खोट्याची परीक्षा सोपी होते. समन्स किंवा नोटीस घेऊन जमादार मोटारसायकलवर निघतात. गावात शिरल्यावर ते फाट्यावरच्या हॉटेलाशी थांबतात, हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक स्टोव्ह, आणि चहा सांगून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “अमकेभाऊ कुठी राह्यते बॉ?” या प्रश्नाला उत्तर एक मिळत नाही, सात मिळतात, एक जण घराची वाट सांगतो, दुसरा अमकेभाऊ सध्या वावरात असल्याचे सांगतो, तिसरा “काय झालं जमादारसाहेब?” असे विचारून खुर्ची पुढे ओढतो, आणि चौथा कुणाला न सांगता सायकलवर टांग टाकून अमकेभाऊंना आगाऊ वर्दी द्यायला निघतो. मग पोलीस पाटलांना बोलावणे जाते. पोलीस पाटील हे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमले जाणारे पद आहे, आणि कागद हाती पडेपर्यंत त्यातला मजकूर अमकेभाऊ सोडून उभ्या गावाला तोंडपाठ झालेला असतो.

पॉपअपचे सगळे याच्या उलट असते. तो फक्त अमकेभाऊंना दिसतो, तेही बहुधा रात्री साडेअकराला, पांघरुणात, आवाज कमी केलेला असताना. तो हॉटेलात चहा पीत नाही, पोलीस पाटलांना ओळखत नाही आणि ही बाब गोपनीय आहे, कुणाशी चर्चा केल्यास शिक्षा वाढेल, असे बजावतो. हद्दीचा प्रश्न तर त्याच्या मनालाही शिवत नाही. नदीच्या अल्याड प्रेत सापडले की पल्याड यावर दोन ठाण्यांत जेथे पत्रव्यवहार होऊ शकतो, तेथे सीबीआय, गृह मंत्रालय आणि फ्रान्समधील लिऑं येथे मुख्यालय असलेली, स्वतः कुणालाही अटक न करणारी इंटरपोल ही संस्था, अशा तिघांनी एका माणसाच्या सिनेमा पाहण्यावर एकमुखाने कारवाई करणे हा प्रशासनाच्या इतिहासातला चमत्कारच ठरेल.

कायदाही येथे गावाच्या बाजूने उभा आहे, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक, तपास आणि खटला यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्यात, अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने आपले नाव स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी लावावी, अटकेचा लेखी मेमो तयार करावा आणि त्यावर घरातल्या माणसाची किंवा त्या परिसरातील एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, असे कलम ३६ सांगते. आणि अटक झाल्याची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला दिलीच पाहिजे, असे कलम ४८ बजावते. थोडक्यात, भारतातली कायदेशीर अटक ही गुपचूप करताच येत नाही. तिला साक्षीदार लागतो, नातेवाईक लागतो आणि शक्यतो प्रतिष्ठित माणूस लागतो, आता तो गावात ऐन वेळी मिळेलच असे नाही, ही गोष्ट वेगळी. चौकशीला हजर राहण्याची नोटीस कलम ३५ खाली निघते, आणि अशी नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द जेथे येतील, तेथे खाकी कपड्यांखाली दुसरेच कुणी आहे असे खुशाल समजावे.

डिक्रीची गोष्टही अशीच आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार डिक्री, म्हणजे हुकूमनामा, हा दिवाणी न्यायालय देते आणि तोही दाव्याची सुनावणी होऊन पक्षकारांचे हक्क ठरल्यावर देते. बांधाच्या वादात आजोबांनी लावलेल्या दाव्याची डिक्री नातवाच्या हाती पडलेली अनेक घरांनी पाहिली आहे. ती अशी रात्री साडेअकराला काचेवर उगवत नाही. फौजदारी गुन्ह्यातला दंड न्यायालय ठोठावते, पोलीस ठोठावत नाहीत; वाहतुकीच्या नियमभंगासारख्या काही बाबींत जागीच तडजोड शुल्क भरण्याची सोय आहे एवढाच अपवाद. आणि खऱ्या पोलिसांना फोन हवाच असेल तर ते तो कुलूपबंद करून मालकाच्या हातात ठेवत नाहीत. ते पंचनामा करतात, म्हणजे दोन पंचांसमोर जप्तीची लेखी नोंद करतात, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याचे चित्रीकरणही करतात, फोन पाकिटात घालून लाखेची मोहोर मारतात आणि तो मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडतो. तेथून तो परत येईपर्यंत त्या मॉडेलचा चार्जर बाजारातून नाहीसा झालेला असतो.

इतकी ओळखीची खूण प्रत्येक ओळीत असताना माणसे फसतात कशी, हा प्रश्न शहाण्यांना नेहमी पडतो आणि त्याचे उत्तर ते ‘अडाणीपणा’ असे चटकन देऊन टाकतात. हे उत्तर चुकीचे आहे. पॉपअप अज्ञानावर जगत नाही, तो लाजेवर जगतो. त्यातला आरोप बहुधा अश्लील चित्रफिती पाहिल्याचा असतो, आणि त्यात लहान मुलांच्या अश्लील चित्रांचा भयंकर उल्लेख मुद्दाम मिसळलेला असतो. कायद्यात या दोन गोष्टी एक नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला व पाठवणाऱ्याला धरते. बालकांच्या बाबतीत मात्र कलम ६७ ब असे साहित्य शोधणाऱ्यालाही सोडत नाही, आणि सोडूही नये. पॉपअप लिहिणारा हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबतो, म्हणजे ज्याने पहिले पाहिले तो दुसऱ्याच्या भीतीने गार पडतो आणि ज्याने दोन्ही पाहिले नाही तो ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने. कारण हे पान अश्लील स्थळांवरच येते असे मुळीच नाही. फुकट सिनेमे, चोरून दाखवले जाणारे क्रिकेटचे सामने, गाणी उतरवून घेण्याची स्थळे, एखादे अक्षर चुकल्यामुळे उघडलेला भलताच पत्ता, या सगळ्या ठिकाणी जाहिरातींची जागा कुणालाही विकली जाते आणि त्या जागेतून हे ठाणेदार आत शिरतात. त्यामुळे रामरक्षा ऐकण्यासाठी फोन उघडलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांवरही तो येऊ शकतो. आणि मुख्याध्यापकांची अडचण अशी, की मी रामरक्षाच ऐकत होतो हे खरे वाक्य उच्चारल्याबरोबर घरातल्या सुनेला खोटे वाटू लागते. तीस हजार रुपये भरणे त्यांना त्यापेक्षा स्वस्त वाटते. फसवणाऱ्याचा हिशेब नेमका येथेच जुळतो.

या कारागिरीला इतिहास आहे. १७६१ मध्ये पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे रूप घेऊन उभ्या राहिलेल्या तोतयाने कोकणातले किल्ले मिळवले, मोठी फौज जमवली आणि १७७६ मध्ये त्याचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडवली; पण त्याला सोंग वठवायला अनेक वर्षे, साथीदार आणि चेहऱ्यातले थोडेफार साम्य तरी लागले होते. २०१२ मध्ये युरोप व अमेरिकेत पसरलेल्या रेव्हेटॉन या खंडणीखोर प्रोग्रॅमला यातले काही लागले नाही. तो संगणकात शिरून पडदा अडवत असे आणि ज्या देशात संगणक असेल त्या देशाच्या पोलिसांचे बोधचिन्ह दाखवून दंड मागत असे. अमेरिकेत एफबीआय, ब्रिटनमध्ये लंडनचे महानगर पोलीस, स्पेनमध्ये स्पॅनिश पोलीस. या टोळीचा म्होरक्या डिसेंबर २०१२ मध्ये दुबईत पकडला गेला आणि टोळीची वार्षिक कमाई दहा लाख युरोंहून अधिक असल्याचे फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पॅनिश पोलिसांनी जाहीर केले. २०१४ मध्ये कोलर नावाच्या प्रोग्रॅमने हाच धंदा अँड्रॉइड फोनवर आणला. मधल्या काळात, २०१३ साली, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात वुडब्रिज येथे एक तरुण अशा पॉपअपला भिऊन स्वतःच संगणक बगलेत मारून पोलीस ठाण्यात गेला आणि आपल्या नावाचे वॉरंट आहे का असे विचारता झाला. वॉरंट नव्हते, परंतु संगणकात बालकांची अश्लील छायाचित्रे खरोखरच सापडली आणि त्याला अटक झाली. बनावट पोलिसांनी खऱ्या पोलिसांना केलेल्या मदतीचे याहून नामी उदाहरण शोधून सापडणार नाही.

रेव्हेटॉन आणि कोलर यांच्या तुलनेत आजचा ब्राउझरमधला पॉपअप अगदीच पोकळ आहे. ते प्रोग्रॅम यंत्रात घुसत होते. हे नुसते पान आहे. पानाला पूर्ण पडदा व्यापण्याची सोय ब्राउझरनेच दिलेली असते, सिनेमा मोठा दिसावा म्हणून. तिचा वापर करून ते खरी पत्त्याची पट्टी झाकते आणि तिच्या जागी सरकारी पत्ता लिहिलेली चित्रातली पट्टी रंगवते. ‘मागे’ जाण्याचे बटण दाबले की पुन्हा तेच पान यावे, अशी तजवीज त्याने करून ठेवलेली असते. फोन थरथरवणे आणि सायरन वाजवणे या पानाच्याच करामती. गॅलरीतले फोटो, संपर्कातली नावे, पुढचा कॅमेरा यांतले काहीही त्याला परवानगीखेरीज दिसत नाही. ‘आमच्याकडे तुमचे चित्रीकरण आहे’ हे वाक्य तो ज्याला दाखवतो त्याचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नसतो. मंदिराच्या जत्रेत रंगवलेल्या विमानातून डोके बाहेर काढून फोटो काढून घेतला म्हणून कुणी विलायतेला पोहोचत नाही, तसेच या पडद्याचे आहे.

आता उपाय. पहिली गोष्ट, पानावरचे काहीही दाबू नये, ‘रद्द करा’ किंवा ‘बंद करा’ हेदेखील नाही, कारण ती बटणेही त्यानेच काढलेली आहेत आणि चोराने दाखवलेल्या दाराने बाहेर पडण्यात अर्थ नसतो. फोनच्या स्वतःच्या सोयीने अलीकडील ॲपची यादी उघडावी आणि ब्राउझर वर सरकवून बंद करावा. तो पुन्हा उघडल्यावर तेच पान परत हजर झाले तर विमान मोड लावून, म्हणजे फोनचे सगळे संपर्क तोडून, ब्राउझर उघडावा. पान आता धड उतरत नाही आणि टॅब मिटवता येतो. तेवढ्यानेही न भागल्यास सेटिंगमधील ॲपच्या यादीत जाऊन ब्राउझर सक्तीने थांबवावा आणि त्याचा इतिहास पुसावा. आयफोनवर सफारीचा इतिहास व संकेतस्थळांचा डेटा पुसण्याची सोय सेटिंगमध्येच आहे. इतिहास पुसल्याने मुख्याध्यापकांची आणखीही एक चिंता मिटते, हा वरचा लाभ.

टॅब गेला तरी दुसऱ्या दिवशी ‘पोलीस सूचना’ येतच राहिल्या, तर घाबरण्याऐवजी आदल्या रात्री आपण काय काय ‘अनुमती द्या’ म्हणून दाबले ते आठवावे. संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी एकदा दिली की ते बंद असतानाही पडद्यावर चिठ्ठ्या टाकू शकते. ब्राउझरच्या साइट सेटिंगमधील सूचनांच्या यादीत त्या स्थळाचे नाव शोधून परवानगी काढून घेतली की हे खाते बंद होते.

खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. पॉपअपने किंवा व्हॉट्सॲपवरच्या निरोपाने एखादी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये बसणारे ॲप, उतरवायला लावले असेल, तर पान पोकळ होते हे समाधान पुरत नाही. वाहतुकीचे ई-चलान, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका अशा नावांनी या फाइली महाराष्ट्रातल्या गटागटांतून फिरल्या आहेत, आणि लग्नपत्रिका उघडायला ॲप कशाला लागते हा प्रश्न लग्नसराईत कुणाला सुचत नाही. असे ॲप बसलेच असेल तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घातलेली ॲप झोपवून, सुरू करावा, उपकरण प्रशासक आणि ॲक्सेसिबिलिटी या परवानग्यांतून त्याचे नाव काढावे आणि मग ते हटवावे; तोवर त्या फोनवरून बँकेचे ॲप उघडू नये, आणि ओटीपी त्याच फोनवर येत असल्याने बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावे.

पॉपअपचा थोरला भाऊ म्हणजे ‘डिजिटल अटक’. त्यात पान नसते, गणवेशातला जिवंत माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास समोर बसतो आणि बळीला कॅमेऱ्यापुढून हलू देत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये अशी कोणतीही अटक कायद्यात नसल्याचे सांगितले, आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ वाचले तरी तेच दिसते; माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून स्वाधीन होत नसेल तर अधिकाऱ्याने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करावा किंवा त्याला प्रत्यक्ष अडवून धरावे लागते, आणि हे काम काचेतून जमण्यासारखे नाही. या भावाचे कर्तृत्व कोट्यवधींचे आहे आणि त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. येथे इतकेच, की दोघांचे शिक्षण एकाच शाळेत झाले आहे आणि ‘कुणाला सांगू नका’ हा दोघांचाही पहिला धडा आहे.

पैसे गेलेच असतील तर १९३० हा क्रमांक लावावा. २०२५ मध्ये प्रत्येक फोन लावताना अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सायबर सावधगिरीचा उपदेश ऐकून ज्यांनी कपाळाला हात लावला, त्यांना फसवणुकीची तक्रार कुठे करायची हे निदान आता वेगळे सांगायला नको. या क्रमांकावर तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ते रोखण्याची सूचना जाते, आणि ते पुढच्या खात्यात सरकले असतील तर त्यामागोमाग पुढच्या बँकेला. म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे आणि ‘उद्या सकाळी बघू’ हा तालुक्याच्या ठिकाणचा सर्वमान्य मुहूर्त येथे चालत नाही. यूपीआयने पैसे दिले असल्यास व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा, कार्डाचा क्रमांक भरला असल्यास कार्डाच्या पाठीवरील क्रमांकावर फोन करून ते बंद करून घ्यावे, आणि पॉपअपचा स्क्रीनशॉट पुसून टाकू नये, लाजेने तर मुळीच नाही. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी स्थळावरही नोंदवता येते.

त्या पडद्यावर गुन्हा खरोखर घडलेला असतो, फक्त तो पाहणाऱ्याने केलेला नसतो. लोकसेवक असल्याचे सोंग घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावासाचा गुन्हा आहे, आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा. त्याची फिर्याद जळगाव जामोदच्या पोलीस ठाण्यातही देता येते; फसवणारा कुठल्या राज्यात बसला होता हे फिर्यादीला माहीत असण्याची गरज नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने हद्द न विचारता नोंदवून घ्यायची आहे. जाताना आधारकार्डाची झेरॉक्स आणि घरातले एक माणूस बरोबर न्यावे, आणि ते माणूस सूनबाई असल्या तरी हरकत नाही.